चाळीस विड्यांइतका वेळ

गेल्या मे महिन्यात सोलापुरात, अक्कलकोट रस्त्याकडच्या एका सभागृहात ध्यानाचं शिबिर झालं. प्रवेश मोफत होता. विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीतल्या आमच्या गल्लीतून आम्ही सात-आठ जणी गेलो. बाहेर ऊन मी म्हणत होतं, आत पंखे गरगरत होते आणि व्यासपीठावरून वक्ते सांगत होते की रोज वीस मिनिटं श्वासाकडे लक्ष देऊन बसलं की शरीरातल्या पेशी दहा वर्षांनी तरुण होतात, याला नोबेल मिळालेलं आहे. तेवढ्यात माझ्या शेजारी बसलेल्या अक्कांना खोकल्याची उबळ आली. वक्ते बोलायचे थांबले आणि हसून म्हणाले, "बघा, मन स्थिर नसलं की शरीर असं बंड करतं." अक्कांनी पदराचा बोळा तोंडाशी धरला आणि पुढचा अर्धा तास खोकला गिळत बसून राहिल्या.

अक्का पस्तीस वर्षं विड्या वळतायत. मांडीवर सूप, सुपात तंबाखूचा चुरा, उजव्या हाताशी कात्री आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पानं. दिवसभर नाक त्या चुऱ्यापासून हातभर अंतरावर. त्या खोकल्याचं कारण शोधायला मनापर्यंत जायची काहीच गरज नव्हती.

बाहेर पडताना दाराशी एक टेबल मांडलेलं होतं. रक्तावरून तुमचं 'जैविक वय' सांगणारी चाचणी, शिबिराला आलेल्यांना सवलतीत. दोघी-तिघी चौकशी करायला थांबल्या. मी त्यांना हाताला धरून बाहेर आणलं, कारण या बाबतीत मला थोडंफार कळतं. बावीस वर्षं मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे. रक्त काढणं, नळ्या हलवणं, काचेवर पेशी पसरून मोजणं हेच माझं काम. आणि गेली सहा वर्षं मी स्वतः रोज पहाटे ध्यानाला बसते. त्यामुळे त्या दुपारी मला दोन्हीकडून लागलं. ज्या गोष्टीनं मला आधार दिला तिच्या नावानं अर्धवट खरं विकलं जात होतं, आणि ज्या रक्ताशी माझा रोजचा संबंध आहे त्याच्याकडून ते वदवून घेतलं जात होतं.

रोजच्या सजगतेच्या, म्हणजे श्वासाकडे लक्ष देऊन बसण्याच्या, सरावाचा पेशींवर परिणाम होतो का, हा प्रश्न खरा आहे आणि मोलाचा आहे. त्याचं उत्तर अजून हाती आलेलं नाही. ते शोधायचं असेल तर सोलापुरातल्या विडी आणि यंत्रमाग कामगारांच्या शरीरांना वगळून शोधता येणार नाही, आणि त्यांना सामील करून घ्यायचं असेल तर त्यांच्या वेळेची मजुरी मोजूनच घ्यावं लागेल. ते होईपर्यंत 'पेशी तरुण होतात' हे वाक्य कुणीही व्यासपीठावरून उच्चारू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी पेशीचं बघू. सोलापुरी चादर ज्यांनी मागावरून उतरताना पाहिली आहे त्यांना हे पटकन कळेल. चादरीच्या दोन्ही टोकांना विणीच्या पलीकडे मोकळे धागे सुटलेले असतात, त्या दशा. वापरात, धुण्यात आधी दशा झिजतात. त्या आहेत तोवर वीण उसवत नाही. आपल्या पेशीतल्या प्रत्येक गुणसूत्राच्या टोकांना अशाच दशा असतात. त्यांना टेलोमिअर म्हणतात. माणसात तिथे टीटीएजीजीजी ही डीएनएची सहा अक्षरं एकामागून एक शेकडो वेळा लिहिलेली असतात. पेशी दुभंगताना गुणसूत्राची नक्कल करणारी यंत्रणा अगदी टोकापर्यंत पोचत नाही, थोडं शिल्लक राहतं, आणि दर वेळी दशा तेवढी आखूड होते. फारच आखूड झाली की पेशी दुभंगायची थांबते.

जीवशास्त्रज्ञ एलिझाबेथ ब्लॅकबर्न यांनी १९७८ साली जोसेफ गॉल यांच्याबरोबर या दशांची रचना उलगडली, तीही टेट्राहायमेना नावाच्या, गोड्या पाण्याच्या डबक्यात राहणाऱ्या एकपेशीय जिवात. १९८४ साली त्यांची विद्यार्थिनी कॅरोल ग्रायडर हिला झिजलेल्या दशा पुन्हा विणणारं टेलोमरेज हे विकर (एन्झाइम) सापडलं. त्या दोघींना आणि जॅक शोस्टॅक यांना २००९चं नोबेल मिळालं ते यासाठी. त्या पारितोषिकात ध्यानाचा काडीचाही संबंध नव्हता.

संबंध जोडला गेला तो वेगळ्या वाटेनं. २००४ साली मानसशास्त्रज्ञ एलिसा एपेल आणि ब्लॅकबर्न यांनी ५८ मातांचं रक्त तपासलं. त्यांतल्या बऱ्याच जणींची मुलं दीर्घ आजारी होती. ज्या आयांना आपल्यावर फार ताण आहे असं वाटत होतं त्यांच्या टेलोमिअरची लांबी, ताण कमी वाटणाऱ्यांच्या तुलनेत, निदान दहा वर्षांचं जास्तीचं वय झाल्याइतकी कमी भरली. वक्त्यांची 'दहा वर्षं' बहुधा इथूनच आली असावीत, वाटेत उलट फिरून. मूळ अभ्यासात कुणाचंही वय कमी झालेलं नाही. तो एका दिवशी घेतलेला फोटो होता. ताणामुळे दशा झिजल्या, की आणखी तिसऱ्याच कशामुळे दोन्ही घडलं, हे फोटोवरून सांगता येत नाही.

पण प्रश्न तिथून सुटा झाला: ताणानं झिजत असेल तर ताण हलका केल्यावर झीज थांबते का? २०११ साली अमेरिकेतल्या शमथ प्रकल्पाचे निष्कर्ष आले. कोलोरॅडोच्या डोंगरात तीन महिने राहून रोज तासन् तास ध्यान करणारे ३० जण आणि तुलनेला ३० जण. शिबिराच्या शेवटी ध्यान करणाऱ्यांच्या पेशींत टेलोमरेजची सक्रियता जास्त दिसली. मात्र ती मोजली होती फक्त शेवटी. सुरुवातीला किती होती याची नोंदच नव्हती. लॅबमध्ये एखाद्यानं मला जेवणानंतरची साखर दाखवून विचारलं, "मॅडम, गोळीनं किती कमी झाली?" तर मी आधी गोळी सुरू करण्यापूर्वीचा रिपोर्ट मागेन. इथे तो रिपोर्ट नाही.

२०१३चा अभ्यास मात्र माझ्या काळजाला भिडतो. विस्मृतीच्या आजाराच्या माणसाची घरी काळजी घेणारे ३९ जण. काहींनी आठ आठवडे रोज १२ मिनिटं 'सा-ता-ना-मा' असा जप बोटांच्या हालचालींसह केला, बाकीच्यांनी तेवढाच वेळ शांत संगीत ऐकलं. जप करणाऱ्यांच्या टेलोमरेजमध्ये ४३ टक्के वाढ दिसली, संगीत ऐकणाऱ्यांत ३.७ टक्के.

माझ्या सासूबाईंना हाच आजार होता. शेवटची चार वर्षं त्या मला "बाई, तुम्ही कुणाकडच्या?" असं विचारायच्या आणि रात्री दोन वाजता दाराची कडी काढून माहेरी, बार्शीला निघायच्या. त्या काळात मी बसायला लागले. दवाखान्यातल्या एका सिस्टरनं सांगितलं होतं: नाकपुडीशी श्वास येतो-जातो तो नुसता बघायचा, मन पळालं की परत आणायचं, चिडायचं नाही. शांती वगैरे मला मिळाली नाही. एवढंच झालं की कडीचा आवाज आल्यावर ओरडण्याआधी मला एक श्वास दिसायचा, आणि त्या एका श्वासात मी उठून म्हणायचे, "आई, एसटी सकाळची आहे, आता झोपू या." त्या झोपायच्या. हे माझ्यापुरतं पूर्ण खरं आहे आणि त्यासाठी मला टेलोमरेजच्या साक्षीची गरज नाही. पण म्हणून माझ्या अनुभवावरून मी तुमच्या पेशींबद्दल काही सांगावं, हे चालणार नाही.

३९ माणसं म्हणजे किती थोडी, हे माझ्यासारखीला रोजच्या कामातून कळतं. एका सकाळी मी त्याहून जास्त जणांचं रक्त काढते, आणि त्यातल्या दोघांना नुकताच ताप येऊन गेलेला असला तरी सरासरी हलते. २०१९ साली १४२ जणांवर झालेला अभ्यास पाहा. त्यात एका गटाला सजगतेचा सराव दिला आणि दुसऱ्याला मैत्रीभावनेचा, आपल्याकडे बुद्धविहारांतून 'मंगल मैत्री' म्हणतात त्या जातीचा. १२ आठवड्यांनी मैत्रीभावनेच्या गटात झीज कमी दिसली, सजगतेचा गट मात्र काहीच न करणाऱ्यांपेक्षा ठळकपणे वेगळा निघाला नाही. आपल्या देशातला २०१७चा एम्सचा अभ्यास ९६ निरोगी लोकांवर झाला. १२ आठवडे योग आणि ध्यान केल्यावर टेलोमरेज वाढलं, पेशींना होणाऱ्या इजेच्या खुणा कमी झाल्या. पण त्यात तुलनेचा गटच नव्हता. संशोधकांनी स्वतः त्याला प्राथमिक चाचपणी म्हटलं होतं. शिबिरात येईपर्यंत चाचपणीचा 'पुरावा' झाला.

छोट्या अभ्यासांवर घाईनं विश्वास ठेवला की काय होतं याचा दाखला याच क्षेत्रात आहे. २०११ साली बोस्टनमध्ये आठ आठवड्यांचा सजगतेचा अभ्यासक्रम केलेल्या १६ जणांच्या मेंदूत काही भाग दाट झाल्याचं दिसलं. ती बातमी जगभर फिरली, आजही फिरते. २०२२ साली विस्कॉन्सिनच्या संशोधकांनी दोनशेहून अधिक लोकांवर, चिठ्ठ्या टाकून केलेल्या गटांवर, तेच पुन्हा पाहिलं आणि मेंदूच्या रचनेत असा बदल सापडला नाही. हे संशोधक ध्यानाचे विरोधक नव्हेत, त्यांतले काही आयुष्यभर ध्यानाचाच अभ्यास करत आलेले. तरी त्यांनी 'सापडलं नाही' हे छापलं. मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटतो. त्याच वर्षी ब्रिटनच्या शाळांतल्या आठ हजारांहून जास्त मुलांवरच्या चाचणीतही सजगतेचे तास नेहमीच्या शिकवण्यापेक्षा सरस ठरले नाहीत. आणि २०१४ साली ४७ चाचण्यांतल्या ३,५१५ लोकांची माहिती एकत्र तपासली गेली तेव्हा चिंता, उदासी आणि वेदना यांत ध्यानानं थोडा ते मध्यम फायदा दिसला. व्यायाम किंवा औषधांपेक्षा तो जास्त होता असं मात्र दिसलं नाही. थोडा फायदा ही काही लहान गोष्ट नाही. कंबर धरून बसलेल्या बाईला दुखणं थोडं कमी झालं तर तिची रात्र बरी जाते. तेवढंच सांगा ना लोकांना.

आता त्या टेबलावरच्या चाचणीकडे येते, कारण माझा राग मुख्यतः तिच्यावर आहे. बहुतेक ठिकाणी टेलोमिअरची लांबी ज्या पद्धतीनं काढतात ती प्रत्यक्ष लांबी नसते. दशांच्या अक्षरांचं प्रमाण एका ठरावीक जनुकाशी ताडून काढलेलं ते गुणोत्तर असतं, तेही पांढऱ्या पेशींच्या घोळक्याचं सरासरी. त्या घोळक्यात अनेक जाती असतात आणि प्रत्येक जातीच्या दशांची लांबी निराळी. परवा सर्दी झाली, दमा म्हणून स्टेरॉइड घेतलं, तर घोळक्यातलं प्रमाण बदलतं आणि एकही दशा न झिजता सरासरी खाली-वर होते. मोठ्या माणसात वर्षाला साधारण २० ते ४० अक्षरांची झीज होते. एकाच नळीतल्या रक्ताची दोनदा मोजणी केली तरी या पद्धतीत त्याहून कितीतरी मोठा फरक पडू शकतो. मग आठ आठवड्यांचा हिशेब करून बघा: तीन ते सहा अक्षरं. हाताच्या वितीनं केसाची जाडी मोजायला निघाल्यासारखं आहे हे. १२ आठवड्यांत लांबीत फरक पडला असं जिथे दिसतं तिथे मला आधी पेशींच्या घोळक्याचा संशय येतो.

त्यात सोलापूरचा मे महिना. जांभळ्या टोपणाची नळी थंड डब्यात न ठेवता टेबलावर दुपारभर राहिली तर तिचं काय होतं हे मी बावीस वर्षं बघते आहे. तांबड्या पेशी फुटायला लागतात, पांढऱ्या काचेवर ओळखू येईनाशा होतात. त्या दिवशी टेबलाखाली बर्फाचा डबा नव्हता, मी वाकून पाहिलं. ते रक्त संध्याकाळी दुसऱ्या शहरात जाणार होतं. आणि त्यावरून एका विडी कामगार बाईला सांगणार की तुझं वय बेचाळीस नसून अठ्ठेचाळीस आहे!

आणखी एक गोष्ट व्यासपीठावरून कधीच सांगितली जात नाही. दशा लांब म्हणजे चांगलंच, असंही नाही. बहुतेक कर्करोगांच्या पेशी टेलोमरेज चालू करूनच न थकता वाढत राहतात, आणि जन्मजात दशा लांब असणाऱ्यांत काही कर्करोगांचा धोका जास्त असल्याचं मोठ्या आनुवंशिक अभ्यासांत दिसलं आहे. हृदयविकाराचा मात्र कमी. म्हणजे शरीराचं इथे नाजूक वजनकाट्यासारखं काम चाललेलं असतं. 'वाढवा, वाढवा' म्हणून त्याला पळवत सुटणं धोक्याचं.

एवढं सगळं सांगून मी 'सोडा हा नाद' म्हणेन असं वाटलं असेल, तर तसं नाही. मला हा अभ्यास व्हायला हवा आहे, आणि तो सोलापुरात व्हायला हवा आहे.

आजवर ज्यांच्यावर हे अभ्यास झाले ते बहुतांशी तीन महिन्यांची रजा काढू शकणारे, डोंगरातल्या शिबिराचे पैसे भरू शकणारे लोक होते, नाहीतर विद्यापीठांच्या आसपासचे. ज्या शरीरांवर ताण आणि इजा खरोखर साठलेली आहे ती शरीरं या आकड्यांत जवळपास नाहीत. आमच्याकडे ती गल्लोगल्ली आहेत. मुंबईच्या संशोधकांनी १९९०च्या दशकातच दाखवलं होतं की विडीच्या तंबाखूवर काम करणाऱ्यांच्या गुणसूत्रांत मोडतोड जास्त दिसते. यंत्रमागावर नव्वद डेसिबलच्या पुढचा खटखटाट पूर्ण पाळीभर कानात असतो. सूतगिरणीत कापसाच्या तुसानं होणारा बिसिनोसिस, सुट्टीनंतर कामावर रुजू होताच छाती आवळणारा, हा तर कापडगावांचा जुना सोबती. त्यात भर साप्ताहिक हप्त्याची, नवऱ्याच्या दारूची, आणि चार-पाच दिवसांनी येणाऱ्या नळाची, जो रात्री दीडला आला तर रात्री दीडला उठायचं. ध्यानानं पेशींना खरंच काही होत असेल तर ते अशा ठिकाणी दिसायला हवं. इथेही काहीच दिसलं नाही, तर तेही जगाला कळायला हवं.

मग तो कसा करावा? मी संशोधक नाही, पण लॅबमधून जेवढं दिसतं तेवढं सांगते. तीन गट हवेत, चिठ्ठ्या टाकून केलेले. एक ध्यान शिकेल. दुसरा तेवढाच वेळ, त्याच खोलीत, त्याच पंख्याखाली नुसता निवांत बसेल, हवं तर गप्पा मारेल, हवं तर डुलकी घेईल. तिसरा आपला रोजचा दिवस जगेल आणि हवं असल्यास नंतर शिकेल. यातला दुसरा गट सगळ्यात महत्त्वाचा, आणि बहुतेकदा तोच गाळला जातो. अक्कांना दिवसातून वीस मिनिटं सूप मांडीवरून उतरवून भिंतीला पाठ टेकायला मिळाली आणि त्यांचं बीपी उतरलं, तर ते श्वास बघितल्यानं उतरलं की पाठ टेकल्यानं, हे त्या गटाशिवाय कधीच कळणार नाही. पाठ टेकल्यानं उतरलं असं निघालं, तर उत्तर ध्यानाचं शिबिर हे नाही. उत्तर कामाच्या दरात आहे.

फक्त टेलोमिअर मोजू नयेत. सोबत शरीराच्या आतल्या सुजेची खूण देणारी सीआरपी, तीन महिन्यांची साखर, रक्तदाब, झोप, फुंकर मारून बघायची फुप्फुसाची चाचणी हे सगळं बघावं. या तपासण्या इथल्या इथे, शहरातल्या लॅबमध्ये, त्याच दिवशी होतात आणि बाईच्या स्वतःच्या उपयोगी पडतात. पेशींच्या जाती वेगळ्या मोजाव्यात. आणि मुदत आठ आठवड्यांवर थांबवू नये, सराव संपल्यावरही वर्ष-दोन वर्षांनी पुन्हा बघावं. अभ्यास सुरू होण्याआधी तो २००७ साली सुरू झालेल्या भारतीय क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत नोंदवावा, काय मोजणार हे आधी लिहून ठेवावं, म्हणजे नंतर सोयीचा आकडा उचलता येणार नाही. इथे १९६३ साली सुरू झालेलं, आज सरकारी असलेलं वैद्यकीय महाविद्यालय आहे, २००४ पासून विद्यापीठ आहे. अशा कामाला लागणारी माणसं दोन्हीकडे मिळून आहेत.

आणि प्रश्नावली इथेच बेतावी लागेल. परदेशी अभ्यासांत 'गेल्या महिन्यात तुम्हाला किती वेळा ताण जाणवला' असं विचारतात. आमच्या गल्लीत 'ताण' हा शब्द कुणी वापरत नाही. 'टेन्शन' म्हणतात, आणि टेन्शनचे अर्थ चार. मी एकदा एका बाईंना रक्त काढताना विचारलं, "टेन्शन आहे का?" त्या म्हणाल्या, "हाय की, सकाळी एक गोळी घेते." त्यांनी बीपीचं सांगितलं होतं. दुसरीला तोच प्रश्न केला तर तिनं पोरीच्या लग्नाचं सांगितलं. निम्म्या बायका घरी तेलुगू बोलतात, कुणी कन्नड, कुणी दखनी उर्दू. संमतिपत्र मराठीत छापून अंगठा घेतला तर ती संमती नव्हेच. तेलुगूत बसून, वाचून दाखवून, 'नाही म्हणालात तरी दवाखान्यातलं तुमचं काही अडणार नाही' हे सांगून घेतलेली संमती हवी.

यावर दोन बाजूंनी आक्षेप येतात. दोन्ही मी घरातच ऐकले आहेत. माझे दीर कामगार संघटनेचं काम करतात. ते म्हणाले, "वहिनी, पाणी नाही, मास्क नाही, हजार विड्यांमागची मजुरी वेळेवर नाही, आणि तुम्ही ध्यान मोजत बसणार? उद्या कारखानदार म्हणेल, धूळ काढायला पैसे नाहीत, तुम्ही श्वास बघा." ही भीती रास्त आहे. शिबिरात अक्कांच्या खोकल्याला मनाचं कारण लावलं तेव्हा मी ती प्रत्यक्ष घडताना पाहिली. तंबाखूची धूळ, मागाचा आवाज, कापसाचं तूस यांचे उपाय ठरलेले आहेत, त्यांना कुठल्याही नव्या अभ्यासाची वाट बघायची गरज नाही, आणि ध्यान हा त्यांचा पर्याय कधीच होऊ शकत नाही. म्हणूनच तर मोजायचं. न मोजलेला दावा कुणालाही, कुठेही वापरता येतो. मोजलेल्या आकड्याला हद्द असते. 'निवांत बसलेल्यांनाही तेवढाच फायदा झाला' असा आकडा हाती आला तर माझे दीर तो घेऊन मजुरीच्या बैठकीला बसू शकतील.

दुसरा आक्षेप माझ्या आईचा. "जप करायचा तो देवासाठी. त्याचं रक्त काय तपासता?" आईला मी एवढंच म्हणते की तुझा जप मी तपासत नाही. ज्यानं जपाच्या नावानं पेशींची हमी दिली, त्याची हमी तपासते आहे. या गावाचं ग्रामदैवत सिद्धरामेश्वर स्वतः योगी. संक्रांतीला नंदीध्वजांच्या उंच काठ्या तोलत माणसं त्यांच्या अक्षता सोहळ्याला जातात. पण गाव त्यांना आठवतं ते तळ्यामुळेही. लोकांना हाताशी धरून त्यांनी हे तळं खोदलं, अशी इथली श्रद्धा आहे, आणि मंदिर आजही त्या पाण्यातच उभं आहे. आईनं मला लहानपणी त्या पायऱ्यांवर बसवून हीच गोष्ट सांगितली होती. योग्यानं तहानलेल्या गावाला मन शांत ठेवायला सांगून सोडून दिलं नाही, तळं खोदलं. तिला मी तिचीच गोष्ट आठवून दिली तेव्हा ती गप्प राहिली. पटलं का ते माहीत नाही.

शिबिरानंतर पंधरा दिवसांनी मी अक्कांकडे गेले. छातीचा एक्स-रे काढायला त्या अखेर तयार झाल्या होत्या, त्याची तारीख ठरवायची होती. बोलता बोलता मी विचारलं, की असा अभ्यास खरंच निघाला, रोज वीस मिनिटं बसायला सांगितलं, तर बसाल का? त्यांनी हात न थांबवता सांगितलं, "बसते की. तेवढंच बरं वाटतं. पण त्या टायमातल्या विड्या कोण वळणार, ताई?" मग स्वतःच हिशेब केला. हजार विड्यांना त्यांना साडेआठ-नऊ तास लागतात. वीस मिनिटं म्हणजे पंचेचाळीस नाही, पण चाळीस जवळजवळ. "चाळीस धरा," त्या म्हणाल्या.

घरी येऊन मी वहीत मांडलं. एका बाईचे आठ आठवडे म्हणजे ५६ दिवस, २,२४० विड्या. सत्तर-सत्तरचे तीन गट धरले, त्यांतले दोन बसणारे, तर १४० बायका आणि ३,१३,६०० विड्या. किती बायका लागतील ते संख्याशास्त्र जाणणारे ठरवतील, आकडा बदलेल. पण जो कुणी या प्रश्नाचा प्रस्ताव लिहील त्यानं अंदाजपत्रकात यंत्र, रसायनं आणि प्रवासखर्च यांच्या वर, पहिल्या ओळीत, या विड्यांची मजुरी धरावी. अक्कांचा एक्स-रे येत्या गुरुवारी आहे. त्या दिवसाच्या विड्या त्यांची सून वळणार आहे.